टेकडीमागची हजेरी

१

माझं काम ऐकण्याचं. पगार त्याचाच मिळतो. बोलण्याचा मिळत नाही, म्हणून ते मी फुकटात करते, आणि ऑफिसात बहुतेकांना ते महागात पडतं.

आमच्या खात्याकडे जंगलं मोजायचं काम आहे. कुठल्या जंगलात अजून जीव आहे आणि कुठे नुसतीच झाडं उभी आहेत ते बघायचं आणि सगळ्या पट्ट्यांचे तीन ढीग करायचे: राखायचे, थांबायचे, सोडायचे. राखायच्याला कुंपण आणि फाटक मिळतं. थांबायच्याला पुढच्या वर्षीची तारीख मिळते. सोडायच्याला करवत. कागदोपत्री ह्याला प्राधान्यक्रम म्हणतात. मी निवडणं म्हणते, धान्य निवडतात तसं. फक्त इथे खडा कुठला आणि दाणा कुठला, हे एसीत बसून ठरतं.

सगळं जंगल पायी तुडवायला माणसं नाहीत. म्हणून झाडांना पेट्या बांधतात. पेटी रोज उजाडताना तासभर ऐकते आणि ऐकलेलं आतल्या कार्डावर साठवते. कार्डं ऑफिसात आली की आधी मशीन त्यातला कचरा काढतं, मग मी ऐकते. किती जातींचे पक्षी, किती किडे, कुऱ्हाड वाजते का, मोटारसायकल जाते का. त्यावर गुण, आणि गुणांवर ढीग.

पेटी बांधणाऱ्याला एक शिस्त आहे. पेटी चालू केली की ती मिनिटभर ऐकते, तेवढ्यात तिच्यासमोर उभं राहून बोलायचं: पट्ट्याचं नाव, पेटी चालू, मी निघालो. ह्याला आम्ही हजेरी म्हणतो. कार्डांची अदलाबदल होऊ नये म्हणून ती. पण हजेरी हा काही जंगलाचा आवाज नव्हे, तो मोजायचा नसतो. म्हणून मशीनला आमच्या फिरत्या माणसांचे आवाज शिकवून ठेवलेत. त्यातलं कुणी बोललं की मशीन तेवढा तुकडा कापतं आणि केरात टाकतं. त्या फोल्डरचं नावच 'केर' आहे. तो कुणी उघडत नाही.

माझा धाकटा भाऊ त्या फिरत्या माणसांतला. घरीदारी सगळे त्याला बारक्या म्हणायचे; माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला, लग्न झालं, कानावरचे केस पिकले, तरी बारक्याच. हंगामाच्या सुरुवातीला तो टेकडीमागच्या पट्ट्यात पेट्या बांधायला एकटा गेला. जीप रस्त्याच्या कडेला सापडली, दारं नीट लावलेली. पेट्या झाडांना नीट बांधलेल्या. तो नव्हता. पोलीस आले, कुत्री आली, आजूबाजूच्या वस्तीतली माणसं ओळीने जंगलात शिरली. मग पाऊस लागला आणि खात्याने 'शोध स्थगित' असा एक गुळगुळीत शब्द काढून हात झटकले.

माझी भावजय तेव्हापासून दर सोमवारी ऑफिसात यायची. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायची, आत गेली की एकच मागायची: पुन्हा शोधा. जिवंत नाही तर नाही, पण काय ते हाताला लागू दे. साहेब तिला पाणी द्यायचे.

२

हंगाम संपल्यावर टेकडीमागची कार्डं आली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "बाई, ही दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"दुसरं कोण आहे? तुम्ही ऐकणार?" मी म्हटलं.

ऐकायची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज घुमू नये म्हणून. खिडकी नाही. पंखा लावायचा नाही, कारण तो घरघरतो. दाराला स्प्रिंग आहे, आणि ती प्रत्येक वेळी कुणी तिच्या जिवावर उठल्यासारखी किंचाळते. तेल घाला म्हणून मी अर्ज दिलाय. हेडफोनचा स्पंज कधीच फाटलाय, कानाला प्लास्टिक टोचतं. भर दुपारी त्या खोलीत बसून दूरच्या जंगलातली पहाट ऐकायची, हा माझा धंदा.

बारक्याची हजेरी ऐकायची नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. मशीनने कापली असेल, पडू दे केरात. मी सरळ जंगलच ऐकायला घेतलं. आणि काय सुंदर जंगल होतं ते! बारक्या त्याच्यासाठी साहेबांशी उभा भांडला होता, हा पट्टा सोडायच्यात टाकाल तर मी नोकरी सोडीन म्हणून. मला वाटलं होतं, नाटकं करतो. नव्हता करत. एकावर एक आवाज, मागे पाणी, त्याच्याही मागे काहीतरी खोल, जड, शांत. अशी पहाट मला गेल्या कित्येक वर्षांत ऐकायला मिळाली नव्हती.

फक्त तासाचा तास भरत नव्हता. पहिला दिवस नीट होता. दुसऱ्या दिवसाची पहाट संपायच्या आधी संपली. तिसऱ्या दिवसाचीही. अगदी थोडंसंच कमी, एखाद्या वाक्याएवढं. मी म्हटलं, बॅटरी असेल. मशीन सांभाळणारा म्हणाला, बॅटरीच असेल. पण बॅटरी संपत जाते, रोज तेवढीच कमी पडत नाही. मी आधी कार्डाला शिव्या दिल्या, मग मशीनला, मग स्वतःला. आणि मग केर उघडला.

आत एकच तुकडा असायला हवा होता. पेटी बांधली त्या दिवसाचा.

फोल्डर गच्च भरलेला होता. मी कुठलाही एक उघडला.

"टेकडीमागचा पट्टा. पेटी चालू. मी निघालो."

बारक्याचाच आवाज. 'निघालो' म्हणताना शेवटी थोडा खाली पडणारा, कंटाळल्यासारखा. तारीख शोध थांबल्यानंतरची होती. मी दुसरा उघडला. तेच. मग पुढचे उघडत गेले. रोज उजाडताना, तो नाहीसा झाल्यानंतरही, माझा भाऊ त्या पेटीसमोर हजेरी देत होता, आणि आमचं मशीन ती इमानेइतबारे केरात टाकत होतं.



३

मग अक्कल ठिकाणावर आली. मी सगळे तुकडे पुन्हा ऐकले, ह्या वेळी त्याला सोडून बाकीचं.

पावलं नव्हती. ओल्या पाचोळ्यातून माणूस पेटीपर्यंत येतो तेव्हा ते ऐकू येतंच. श्वासही नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्षी थांबत नव्हते. माणूस झाडाखाली आला की पक्षी गप्प होतात, मग तो कितीही हळू येवो. इथे बारक्या बोलत होता आणि त्याच्या डोक्यावर एक चिमुकला पक्षी आपलं किरकिर गाणं न अडखळता गात होता.

म्हणजे नकल्या. त्या जंगलात एक काळा, लांब शेपटीचा पक्षी असतो, तो ऐकेल त्याची नक्कल करतो. मांजर, कुऱ्हाड, गाडीचा हॉर्न, काहीही. आम्ही त्याला नकल्याच म्हणतो. त्याने बारक्याची हजेरी उचलली, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की हेडफोन काढून मी नुसती बसून राहिले. पण नकल्याला तरी एकदाच ऐकून इतकं जमतं का? बारक्याने हजेरी दिली ती एकदाच. ह्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे गप्प बसवलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"बाई, पुढच्या आठवड्यात बैठक आहे," ते म्हणाले. "आणि हा पट्टा अगदी काठावर आहे."

"मला माहीत आहे."

"ह्या आवाजाची नोंद तुम्हाला करावी लागेल. इतक्या वेळा येतो, तो गाळता येणार नाही. माणूस लिहिलंत, तर तिथे रोज वर्दळ आहे असा अर्थ होतो. वर्दळ आहे म्हणजे गुण गेले. पट्टा सोडायच्यात जाईल."

"आणि पक्षी लिहिलं तर?"

"तर उत्तमच! नकल्या आता राहिलेत कुठे? पट्टा थेट राखायच्यात. फाटक लागेल. आपल्या पेट्यासुद्धा काढून घ्याव्या लागतील. कुणीच आत जाणार नाही."

"कुणीच म्हणजे? शोधायलासुद्धा नाही?"

साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलून दुसरीकडे ठेवली.

"आणि माणूस लिहिलं, करवती गेल्या, की एकेक झाड पडेल आणि एकेक कोपरा उघडा होईल," मी म्हटलं. "काय असेल ते सापडेल."

"तुम्ही भावनेच्या भरात..."

"साहेब, भरात मी नाही. तुम्ही पाणी देता ना तिला दर सोमवारी? मग हेही तुम्हीच लिहा."

"कान तुमचा आहे, बाई," साहेब म्हणाले. "सही तुमची लागते."

असं गळ्यात मारण्यात ह्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. मी बाहेर आले तेव्हा डोकं नुसतं भणभणत होतं. बारक्याने जीव तोडून राखायला सांगितलेलं जंगल, ते राखलं तर तो कायमचा आत. जंगल गेलं खड्ड्यात, मला माझा भाऊ हवा, असं मी जिन्यावर उभी राहून मोठ्याने म्हणाले. झाडूवाली बघत राहिली.

४

भावजयीला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण सोमवारी ती बाकावर बसलेली दिसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. तिला ऐकायच्या खोलीत घेऊन आले.

"हे बघ," मी म्हटलं, "हा पक्षी आहे. आधीच सांगते. रडारड करायची नाही."

"नाही करणार, ताई."

तिने हेडफोन घातले. मी एक तुकडा लावला. मला वाटलं, कोसळेल. ती हसली. इतक्या महिन्यांनी तिला हसताना बघून मलाच कसंतरी झालं.

"परत लावा."

परत लावला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. ती एकेक तुकडा असा ऐकत होती, की मला ऐकण्याचा पगार घ्यायची लाज वाटावी.

"ताई, ह्यांना सर्दी झालीय."

"काय?"

"हा बघा ना, ह्याच्यात. नाक चोंदलंय. पाऊस लागला की होतंच ह्यांना." तिने तारखेवर बोट ठेवलं. "आणि ह्या पुढच्यात बरी झालीय."

मी तिच्या कानावरचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. खरंच होतं. एका तुकड्यात 'निघालो' नाकातून येत होतं, आणि मधल्या काही पहाटा गेल्यावर पुन्हा मोकळं. एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या!

"पक्ष्याला सर्दी होते का, ताई?" तिने विचारलं.

मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं, पेटीवर पाणी साचलं असेल, माइक ओला झाला असेल, आवाज बसका येतो. ती 'हं' म्हणाली, जसं लहान मुलाला म्हणतात. मग तिने हेडफोन परत घेतले, दोन्ही हातांनी कानावर दाबले आणि फोनवर बोलावं तशी मोठ्याने बोलली,

"अहो, ऐकताय ना? घरी या आता."

"अगं, ते रेकॉर्डिंग आहे," मी ओरडले. "तिकडे जातंय का ते?"

"असू दे ना," ती म्हणाली. "घरी या. मी दार लावून घेत नाही."

ती गेली. स्प्रिंग किंचाळली, दार बंद झालं. मी बराच वेळ त्या खोलीत काहीच न लावता बसले, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हेडफोनच्या दोन्ही बाजूंनी ऐकता येत असेल का. असल्या वेडगळ विचारांचं मला हसूही आलं. तारेचं टोक कुठे खुपसलंय ते मात्र मी वाकून बघितलं. ते मशीनमध्येच होतं.

५

बैठकीआधी ताजी कार्डं हवीत म्हणून साहेबांनी दोघांना जोडीने टेकडीमागे पाठवलं. ते कार्ड घेऊन आले आणि घाईघाईने माझ्या टेबलावर ठेवून गेले. कुठे पावलं दिसली का, म्हणून मी विचारलं. "नाही हो बाई," म्हणाले, "आम्ही हजेरी दिली आणि निघालो." त्यातला एक माझ्याकडे बघत नव्हता.

त्या कार्डाचा केर मी सरळ उघडला. रोजची हजेरी होती. सोमवारपर्यंत. मंगळवारचा तुकडा केरात नव्हता. मशीनने तो कापला नव्हता, कारण तो आवाज त्याला शिकवलेलाच नव्हता. तो मला पहाटेत सापडला, पाखरांच्या मधोमध.

"अहो, ऐकताय ना? घरी या आता."

माझ्या भावजयीचा आवाज. मागे पाणी, वर तो किरकिऱ्या पक्षी.

मी टेबलाची कड धरली. विचार कर, स्वतःला म्हटलं, विचार कर बाई. गेली असेल. सोमवारी इथून निघाली, बस पकडली, जंगलात जाऊन ओरडली, नकल्याने उचललं. सरळ आहे. मी लगेच तिला फोन लावला.

"तू टेकडीमागे गेली होतीस का?"

"नाही हो ताई. घरातून हललेसुद्धा नाही. न जाणो, हे आले आणि मी नसले तर?"

"शपथ?"

"तुमची शपथ. का हो?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. ती खोटं बोलत असेल. दुःखाने माणसं बोलतात खोटं. मी तुकडा पुन्हा लावला, ह्या वेळी पुढे वाजू दिला.

"अहो, ऐकताय ना? घरी या आता." आणि लगेच, तिच्या मागोमाग, "अगं, ते रेकॉर्डिंग आहे."

तो माझा आवाज होता. माझा तिरसट, घसा ताणून काढलेला आवाज, झाडांमध्ये. आणि त्याच्यानंतर, लांबवर, पण अगदी स्पष्ट, ऐकायच्या खोलीच्या दाराची स्प्रिंग किंचाळली.

मी हेडफोन काढून फेकले. मागे वळून दाराकडे बघितलं. दार बंद होतं. एकेक ट्रे, एकेक तार, छताचा कोपरा, टेबलाखाली, सगळं बघितलं. मला काय सापडायला हवं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. इथे कुणी तिसरं ऐकत बसलेलं असणार, हे एकदा डोक्यात आल्यावर त्या खोलीत मला थांबवेना. मी भर दुपारी, काम टाकून, व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खाली लोक चहा पीत होते.

६

बैठकीच्या आदल्या दिवशी मी लिहिलं: पक्षी.

का, ते सांगते. साहेबांच्या भीतीने नाही. जंगलावरच्या प्रेमाने, तर मुळीच नाही. इतके दिवस त्या आवाजात मला माझा भाऊ ऐकू येत होता. तिचा आणि माझा आवाज त्याच्यातून ऐकल्यावर मला एवढं नक्की कळलं की त्याच्यात भाऊ नव्हता. कुणीतरी त्याचा आवाज वापरत होतं. तिचा घेतला होता, माझाही घेतला होता, आणि काय मिळेल ते ऐकून पाठ करत होतं. ते जे काही होतं त्याच्यापर्यंत करवती नेऊन वाट करायची, आणि त्या वाटेने माझी भावजय सगळ्यांच्या पुढे धावत जाणार, हे मला दिसत होतं. बारक्या गेला होता. ती अजून होती. फाटक लागू दे. आत काय आहे ते आत राहू दे. एका सहीने मी माझ्या भावाला कायमचं आत टाकलं, आणि सही करताना हात थरथरलासुद्धा नाही. ह्याचा राग मला अजून येतो.

बैठकीत साहेबांनी नकल्याचं इतकं कौतुक केलं, जणू त्यांनीच पाळला होता. टाळ्या झाल्या. टेकडीमागचा पट्टा राखायच्यात पहिला आला. "तुमच्या भावाची इच्छा होती," साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आज तरी तोंड बंद ठेवा." त्यांनी ठेवलं.

फाटक लावायच्या दिवशी पेट्या काढून आणल्या. शेवटचं कार्ड ऐकायची खरं तर गरज नव्हती, गुण देऊन झाले होते. पण मी ऐकलं. पहिल्या काही पहाटा तशाच होत्या. शेवटच्या पहाटेला पाखरं, पाणी, वारा. मी वाट बघत राहिले. तास पुरा झाला. अगदी तासाचा तास. त्या पहाटेचा केर रिकामा होता. हजेरी नव्हती.

संपलं, मी म्हटलं. आणि तिथे, त्या भिकार खोलीत, पहिल्यांदा भावासाठी ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं. आता तिला जाऊन सांगायला हवं होतं, की तो गेला, आता बाकावर येऊन बसू नकोस, माझ्याकडे राहायला ये. ती कधी माझ्याकडे राहिली नव्हती. माझं तोंड हे असं. पण ह्या वेळी नीट बोलायचं, असं रस्ताभर घोकत गेले.

७

ती तिसऱ्या मजल्यावर राहते. दार उघडंच होतं, चांगलं सताड. संध्याकाळचं ऊन जिन्यातून थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी हाक मारली.

"ताई!" ती स्वयंपाकघरातून जवळजवळ पळतच आली. केस विंचरलेले, नीट साडी. मी तिला कित्येक महिन्यांत अशी बघितली नव्हती. "या ना, या. मी तुम्हाला फोनच करणार होते."

"अगं, मला तुला काहीतरी..."

"हळू बोला," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवलं. चेहरा नुसता फुलला होता. "आलेत. आत आहेत. दमलेत फार, काही बोलत नाहीत अजून."

"कोण आलंय?"

"असं काय विचारता? ओळखाल ना तुम्ही, चला."

तिने माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता, मऊ, थोडा पिठाचा. मला तो सोडवता आला असता, पण मी सोडवला नाही. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. पडदे ओढलेले. पलंगाच्या कडेला कुणीतरी आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. बारक्याचा चौकड्यांचा शर्ट, पाठीला चिकटलेला, ओला. कॉलरवर पाचोळ्याचे तुकडे. वास आला तो नुसता ओल्या मातीचा, खूप खोल खणल्यावर येतो तसा.

"अहो, ताई आल्यात," ती म्हणाली.

"टेकडीमागचा पट्टा," आवाज आला. "पेटी चालू."

बोलताना माणसाचे खांदे किंचित हलतात. मानेची शीर हलते. हे खांदे हलले नाहीत. आवाज तिथूनच येत होता, त्यात शंका नाही. कानांच्या बाबतीत मी चुकत नाही. तो आवाज त्या शर्टाच्या आत कुठेतरी होता, तोंडाच्या बऱ्याच खाली. आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, पाणी वाहत होतं.

"बघितलंत?" भावजय कुजबुजली. "तुम्ही म्हणत होता पक्षी." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "ताई, सांगा ना. हेच आहेत ना?"

ओरडायला हवं होतं. तिला ओढत बाहेर काढायला हवं होतं, तिन्ही मजले फरपटत खाली न्यायला हवं होतं. तिचा चेहरा माझ्यासमोर होता. महिनोन्‌महिने बाकावर बसलेला तो चेहरा.

"हो गं," मी म्हटलं. "बारक्याच आहे."

तिने मला मिठी मारली. मग डोळे पुसत म्हणाली, "बसा, चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेली. पलंगावरचं ते हळूहळू मान वळवू लागलं. मान वळत होती, खांदे तसेच होते. मी ती पुरी वळायची वाट बघितली नाही. पाय कधी उचलले कळलंही नाही. चपला हातात घेऊन मी जिन्यात होते. खालच्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनाशी म्हणत होते, श्वास घे, वर जा, तिला हाताला धरून आण, तिला एकटीला कशी सोडतेस, जा.

वरून कपबशांचा आवाज आला.

"ताई, साखर कमीच ना?" ती स्वयंपाकघरातून विचारत होती.

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच आतल्या खोलीतून उत्तर गेलं होतं, माझ्या आवाजात.

"कशीही चालेल गं. तू आधी बस जरा माझ्याजवळ. किती दमलीस."

इतकं मायेने मी तिच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ती खुदकन हसली. मग दार लागल्याचा आवाज आला.